भंगाराखालची अमानत

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात हॉक्सन नावाचे एक लहान गाव आहे. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र एरिक लॉज निवृत्तीचे दिवस घालवीत होता आणि त्याच्याकडे मेटल डिटेक्टर होता. मित्राची हातोडी शोधून द्यावी म्हणून तो यंत्र घेऊन शेतात उतरला. यंत्र वाजले. त्याने उकरून पाहिले तर हाती हातोडीऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी येऊ लागली.

एरिक लॉजने पुढे जे केले त्यासाठी आज त्याचे नाव घ्यायचे. थोडेसे उकरल्यावर तो थांबला. पिशव्या भरून घरी गेला नाही. त्याने जमिनीच्या मालकांना आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी ती जागा थरांप्रमाणे, हलक्या हाताने उघडली. रोमन काळाच्या अखेरीची जवळजवळ १५ हजार नाणी, सोन्याचे दागिने आणि चांदीची भांडी असा हा ठेवा होता. त्यात चांदीच्या चार मिरीदाण्या होत्या. त्या काळी रोमन लोकांच्या जेवणातली काळी मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून जात असे. एका सोन्याच्या बांगडीवर ज्युलियाना या बाईचे नाव कोरलेले होते. कुणा घरच्या बाईची ही बांगडी होती, आणि ती पंधरा-सोळाशे वर्षे मातीत पडून राहिली होती.

त्या ठेव्याजवळ काही क्षुल्लक वस्तूही मिळाल्या. पेटीच्या लोखंडी पट्ट्यांचे अवशेष, बिजागऱ्या, छोटी कुलुपे, लाकडाच्या खुणा, गवत आणि कापडाचे अंश. बाजारात यांना कुणी कवडी दिली नसती. पण हा सगळा ऐवज एका लाकडी पेटीत, आत लहान पेट्या ठेवून, नाजूक वस्तूंभोवती गवत व कापड घालून जपून भरलेला होता, हे त्यांच्यावरूनच कळले. कुणीतरी घाबरून पळण्यापूर्वी घाईघाईने पुरलेला हा माल नव्हता. पुन्हा परत येऊ या आशेने कुणा कुटुंबाने तो नीट बांधून ठेवला होता. चमचे आणि नाणी उपसून नेली असती, तर ही गोष्ट कायमची गेली असती.

हरवलेली हातोडीही शेवटी सापडली. आज तीही ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

यंत्राला काय ऐकू येते?

मेटल डिटेक्टर म्हटले की लग्नाच्या हॉलच्या किंवा मॉलच्या दारातली चौकट आपल्या डोळ्यांसमोर येते. शेतात वापरायचे यंत्र म्हणजे एक लांब काठी, तिच्या टोकाला ताटासारखे गोल वेटोळे आणि कानाला हेडफोन. वेटोळ्यातून वीज फिरते तेव्हा भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीत शिरले आणि वाटेत धातू आला, की त्या धातूत क्षीण वीज खेळू लागते आणि त्याचेही एक छोटे चुंबकीय क्षेत्र उभे राहते. दुसरे वेटोळे ही कुजबुज पकडते. लोखंडाचा प्रतिसाद एका पद्धतीने येतो, तांब्याचा, चांदीचा दुसऱ्या. त्या फरकावरून यंत्र आवाज बदलते किंवा पडद्यावर आकडा दाखवते.

आपल्या मोहल्ल्यातला भंगारवाला हेच काम लोहचुंबकाने करतो. चुंबकाला चिकटले ते लोखंड, न चिकटले ते पितळ, तांबे किंवा अॅल्युमिनियम. मग तो वजन वेगवेगळे करतो. फरक इतकाच, की त्याच्या हातात वस्तू असते आणि त्याला ती डोळ्यांनी दिसते. शेतातल्या माणसाला फक्त आवाज ऐकू येतो.

या यंत्राच्या जन्मापासूनच भंगार त्याच्या पाठीशी लागले आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू शोधणारे एक उपकरण तयार केले आणि ते रुग्णाजवळ आणले. उपकरणाचा चमत्कारिक गोंधळ होऊ लागला. गादीतल्या लोखंडी स्प्रिंगा त्याला कारण होत्या. शिवाय डॉक्टरांनी त्यांना शरीराची एकच बाजू तपासू दिली आणि गोळी दुसऱ्या बाजूला होती. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांचा मृत्यू झाला. जे शोधायचे ते एका बाजूला, आणि भोवतीचे लोखंड यंत्राला भलतेच सांगणारे: त्या दिवशी बेल यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, तीच आजही प्रत्येक शोधकापुढे असते.

जुनी वस्ती आणि खिळ्यांचे रान

धातू शोधणाऱ्याला रिकामे माळरान नको असते. जिथे माणूस राहिला, तिथेच त्याच्या वस्तू पडतात. जुने गाव, मोडलेले घर, बाजाराची जागा, छावणी, सराय. पण जिथे माणूस जास्त राहिला, तिथे भंगारही जास्त. छपराचे खिळे, दाराच्या बिजागऱ्या, बैलाचे व घोड्याचे नाल, तुटलेले विळे, पत्र्याचे तुकडे, बंदुकीची काडतुसे आणि अलीकडच्या काळातली शीतपेयांची अॅल्युमिनियमची झाकणे. एका हाताच्या अंतरात पाच-दहा खिळे असले की यंत्र सतत करकरत राहते.

नवशिक्या यावर सोपा उपाय शोधतो. यंत्राला लोखंडाचा आवाज बंद ठेवण्याची आज्ञा देता येते. बटण फिरवले की करकर थांबते आणि कानांना शांतता मिळते. पण त्या शांततेची किंमत असते. खिळ्याच्या अगदी शेजारी चांदीचे नाणे असेल, तर दोघांचा प्रतिसाद एकमेकांत मिसळतो. यंत्र खिळ्याला गप्प करते, आणि खिळ्याबरोबर नाणेही गप्प होते. जाणकार याला नाणे खिळ्याआड लपणे म्हणतात. उलटही होते: लोखंडाचा मोठा, गंजलेला, चपटा तुकडा चांदीसारखा गोड आवाज देऊन फसवतो. आणि पातळ सोन्याची अंगठी, शिशाची गोळी व अॅल्युमिनियमचे झाकण यांचे आवाज तर जवळजवळ सारखेच येतात. तेव्हा ‘फक्त चांगले तेवढे दाखव’ अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला यंत्र बहुतेक वेळा रिकाम्या हाती परत पाठवते.

मुरलेले लोक निराळेच वागतात. मोठ्या वेटोळ्याऐवजी ते लहान वेटोळे घेतात, कारण लहान वेटोळ्याखाली एका वेळी कमी वस्तू येतात. यंत्राची संवेदना थोडी कमी करतात. लोखंडाचा आवाज बंद न ठेवता हळू ठेवतात, म्हणजे लोखंड कुठे आहे तेही कळते. काठी सावकाश फिरवतात. एकाच जागेवरून उत्तर-दक्षिण गेल्यावर पुन्हा पूर्व-पश्चिम जातात, कारण खिळ्याआडचे नाणे एका दिशेने लपते तर दुसऱ्या दिशेने कधी कधी एक तुटक, किंचित वेगळा सूर देते. वरचा लोखंडी कचरा काढला की खालचे बोलू लागते. जिथून दहा जण ‘काही नाही’ म्हणून परत गेले, तिथे अकराव्याला काही मिळते ते यामुळे. त्याचे यंत्र महाग असते असे नाही, त्याची सबुरी मोठी असते.

पण हे सगळे झाले वस्तू मिळवण्याचे तंत्र. खरा प्रश्न यापुढचा आहे. भंगार बाजूला सारायचे असते का?

काडतुसांनी दिलेली साक्ष

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५ जून १८७६ रोजी एक लढाई झाली. जॉर्ज कस्टर या लष्करी अधिकाऱ्याची तुकडी लाकोटा व शायान या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर चालून गेली आणि कस्टरसह त्याच्या जवळची सगळी माणसे मारली गेली. पुढे गोऱ्या लोकांनी चित्रांतून, पुस्तकांतून, सिनेमांतून या लढाईची शौर्यकथा केली: टेकडीवर शेवटच्या क्षणापर्यंत झुंजणारा वीर. लाकोटा व शायान लढवय्ये आणि त्यांच्या घरच्या बायका वेगळे सांगत होत्या. त्यांच्या सांगण्यात गोंधळ होता, पळापळ होती आणि सैनिकांची फळी मोडल्याचे वर्णन होते. पण जिंकणाऱ्या देशाने हरवलेल्या लोकांच्या आठवणींना पुरावा मानले नाही.

१९८३ साली त्या रणभूमीवरचे गवत आगीत जळून गेले आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर चालवणारे स्वयंसेवक बोलावले. ते एका रांगेत चालत गेले. जिथे आवाज आला तिथे झेंडी रोवली. ‘हे निरुपयोगी’ म्हणून काहीही वगळले नाही. गोळ्या, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, बटणे, खोगिराच्या कड्या, खिळे: प्रत्येक वस्तूची जागा मोजून नकाशावर घेतली आणि मगच ती उचलली.

बंदुकीचा घोडा ओढला की आतली टोकदार सळई काडतुसाच्या बुडावर एक खूण उमटवते. प्रत्येक बंदुकीची खूण वेगळी, बोटांच्या ठशासारखी. पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर कोणती बंदूक आधी कुठे झाडली गेली आणि नंतर कुठे, हे कळू लागले. माणसांच्या हालचाली जमिनीवर रेखाटता आल्या. मूळ रहिवाशांकडे एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या हेन्री व विंचेस्टर बंदुका बऱ्याच होत्या हेही दिसले. सैनिकांची व्यवस्था मोडत गेली, असे जे त्या लोकांच्या नातवंडांना आजी-आजोबांनी सांगितले होते, त्याला या पुंगळ्यांनी मोठा आधार दिला.

ही साक्ष देणारे सोने नव्हते, चांदी नव्हती. ते भंगार होते, पण ते जिथे पडले तिथेच सापडले. कुणी आधी येऊन पिशवीत भरून नेले असते, तर त्या पुंगळ्या म्हणजे पितळेचे तुकडे राहिले असते, दुसरे काही नाही. वस्तूचे मोल जसे तिच्या धातूत असते तसेच तिच्या जागेतही असते.

स्वीडनच्या शेतात हिजरी साल

आपल्या वाचकांना विशेष वाटावी अशी एक हकिकत स्वीडनच्या गोटलँड बेटाची आहे. १९९९ सालच्या जुलै महिन्यात तिथल्या स्पिलिंग्ज नावाच्या शेतात मेटल डिटेक्टरने एक चांदीचा ठेवा सापडला, आणि काही तासांतच जवळच दुसरा. दोन्ही मिळून ६७ किलो चांदी. त्यात १४ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतली बहुतेक सगळी मुस्लिम जगातले दिरहम होते. बाल्टिक समुद्रातल्या एका बेटावर, जिथे त्या काळी एकही मुसलमान राहत नव्हता, तिथल्या शेताच्या मातीखाली अरबी लिपीत कलमा कोरलेली हजारो नाणी! व्यापारी मार्गांनी, रशियातल्या नद्यांवरून ती उत्तरेकडे गेली होती.

ती नाणी इतिहासकारांच्या विशेष उपयोगाची ठरली. पहिल्या हिजरी शतकात उमवी खलीफा अब्दुल मलिक यांनी नाण्यांची पद्धत बदलली आणि राजाच्या चित्राऐवजी मजकूर आणला. दिरहमवर टांकसाळीचे शहर आणि हिजरी सालही येऊ लागले. त्यामुळे ठेव्यातले सर्वांत अलीकडचे नाणे पाहिले की तो कोणत्या काळानंतर पुरला गेला ते कळते. स्पिलिंग्जच्या बाबतीत तो काळ नवव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. आणि चांदीच्या शेजारीच काय होते? २० किलोंच्या आसपास ब्राँझचे तुकडे, वितळवण्यासाठी जमवलेले भंगार. हजार-अकराशे वर्षांपूर्वीही कुणी भंगार विकत घेत होता आणि जपून ठेवत होता.

इंग्लंडमध्ये हॅरोगेट शहराजवळ २००७ साली एका बाप-लेकाला शेतात चांदीचे एक भांडे मिळाले. आत ६०० हून अधिक नाणी ठासून भरलेली. त्यांत समरकंदचे दिरहमही होते. त्या दोघांनी भांडे घरी उपडे केले नाही. जसे मिळाले तसे अधिकाऱ्यांच्या हवाली केले आणि ब्रिटिश म्युझियमच्या तज्ज्ञांनी ते एकेक नाणे करून रिकामे केले.

एकच साल, दोन वाटा

इंग्लंड व वेल्समध्ये १९९६ साली खजिन्याचा कायदा झाला. मौल्यवान जुना ठेवा सापडला की चौदा दिवसांत कळवायचा. संग्रहालयाने तो घेतला तर तज्ज्ञ किंमत ठरवतात आणि ती रक्कम शोधणारा व जमिनीचा मालक यांना मिळते. साध्या, कमी किमतीच्या वस्तूंची नोंद करण्यासाठी वेगळी सरकारी योजना आहे. तिच्यात आजवर दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. प्रामाणिक माणसाचे नुकसान होऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

तरी माणूस तो माणूस. २०१५ साली दोन ठिकाणी जवळजवळ एकाच काळातले, नवव्या शतकातले ठेवे सापडले. ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ ज्याला सापडला, त्याने जागा बंद करून तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी मातीचा गोळा जसाच्या तसा उचलून नेला. आल्फ्रेड हा राजा आणि त्याचा शेजारी राजा चेओलवुल्फ एकाच पद्धतीची नाणी पाडत होते, हे त्या नाण्यांवरून ठळक झाले. जुन्या इतिहासात या चेओलवुल्फला क्षुल्लक प्यादे ठरवून टाकलेले होते. हेरफर्डशायरमध्ये दोघांना याच काळातला, बहुधा ३०० नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांनी मालकाला सांगितले नाही, सरकारला सांगितले नाही. नाणी गुपचूप विकली. २०१९ साली दोघांना दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तोवर नाणी परत मिळाली होती ती ३१. उरलेली कुठे गेली, त्यांच्याबरोबर कोणती हकिकत गेली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्या दीनने या बाबतीत फार पूर्वीच माणसाला रस्ता दाखवला आहे. रस्त्यात सापडलेली, कुणाची तरी असलेली वस्तू म्हणजे लुकता. तिची ओळख लक्षात ठेवायची आणि वर्षभर तिची जाहीर वाच्यता करायची, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे. जुन्या काळी जमिनीत पुरलेल्या धनाला रिकाज म्हणतात. त्याच्या पाचव्या हिश्शावर बैतुलमालचा हक्क सांगितला आहे. तपशिलांत फुकहांचे मतभेद आहेत, ते आलिमांना विचारावेत. पण मुळातली शिकवण स्वच्छ आहे. सापडले म्हणजे आपले झाले, असे नाही. सापडलेल्या वस्तूवर दुसऱ्यांचा हक्क असतो.

आपल्या मातीत

महाराष्ट्रात किल्ले, गढ्या, ओसाड गावठाणे यांची कमतरता नाही. इंटरनेटवरून स्वस्त डिटेक्टर मागवता येतात आणि ‘गुप्तधना’च्या नादात माणसे रात्री किल्ल्यावर खणतात. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खोदणे गुन्हा आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवून ठेवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद इथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंच्या वर. भारतात ब्राँझची इतकी जुनी मानली गेलेली मोठी कामे फार थोडी आहेत. सापडले तेव्हा तिथे कुणी पुरातत्त्वज्ञ नव्हता, त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या थरात होत्या याची नोंद झाली नाही. पुढे त्याच ठिकाणी मोठे उत्खनन झाले. तरीही या वस्तूंचा काळ कोणता, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. त्या शेतकऱ्याचा यात दोष नाही. पण जागेची नोंद हुकली की सोन्यासारखी वस्तूही अर्धी मुकी होते, एवढे मात्र यावरून समजते.

म्हणून मुलांना एवढे सांगून ठेवू या. विहीर खणताना, घराचा पाया काढताना, शेत नांगरताना जुने नाणे, भांडे, कोरलेला दगड दिसला तर थांबायचे. जागेचे मोबाइलवर छायाचित्र काढायचे, खूण करून ठेवायची, वस्तू घासायची-पुसायची नाही आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयात कळवायचे. लष्कराच्या सरावाच्या जागेजवळ पडलेले धातूचे तुकडे मात्र हातही लावू नयेत. भंगाराच्या आशेने उचललेला गोळा फुटून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

हॉक्सनच्या शेतात यंत्र घेऊन गेलेल्या माणसाला एक हातोडी शोधायची होती, दुसऱ्याची हातोडी. ठेवा हाती आल्यावरही त्याला तो आपला वाटला नाही. त्याला बक्षीस म्हणून साडेसतरा लाख पौंड मिळाले. त्यातला वाटा त्याने आपणहून त्या शेतकरी मित्राला दिला. त्या वेळच्या कायद्याने त्याच्यावर तशी सक्ती केलेली नव्हती.